लेग गार्डवरचं फूटरेस्ट सारखं ढिलं होतंय? पाना मारण्याआधी खूण मारा

"संभाजीनगरहून निघताना कचकून आवळलं होतं, बीड येईपर्यंत परत लोंबायला लागलं." लांबच्या प्रवासात पाय पुढे ताणता यावेत म्हणून लेग गार्डवर घरी बसवलेल्या फूटरेस्टबद्दल हीच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. मग पेट्रोल पंपावर गाडी लावून १३ चा पाना काढायचा, बोल्ट अर्धा फेरा आवळायचा, आणि पुढच्या वेळी परत तेच. तिसऱ्या-चौथ्या आवळणीला बोल्टचे आटे जातात, नाहीतर क्लॅम्पखाली गार्डचा पाइप चेपतो.

खरं तर यात चार वेगवेगळे बिघाड असतात आणि वरून चारही सारखेच दिसतात. नट मागे फिरतो, क्लॅम्प पाइपवर घसरतो, फूटरेस्टची बिजागरी झिजते, किंवा गार्डच जागेवरून हलतो. पहिला बिघाड सोडला तर बाकी तिघांत फूटरेस्टचा बोल्ट आवळून काहीही साधत नाही. म्हणून आधी नेमकं काय हलतंय ते शोधा.

त्याला पांढरा ऑइल पेंट किंवा घरातलं नेलपॉलिश पुरतं. पाइप, क्लॅम्प, वायसर आणि नट या सगळ्यांवरून एकच सलग रेघ ओढा, दोन-तीन मिलिमीटर रुंद. दुसरी रेघ फूटरेस्टच्या बिजागरीवर, पिनच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर. तिसरी, गार्ड गाडीला जिथे बसतो त्या बोल्टवर. रंग वाळू द्या आणि ४०-५० किलोमीटर चालवा. रस्त्यात दोन-चार गावं आणि त्यांचे गतिरोधक आलेच पाहिजेत. मधे कुठेही पान्याला हात लावू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल. घरी आल्यावर रेघ कुठे तुटलीय ते बघा.

नटावरची रेघ सरकली, क्लॅम्पवरची जागेवर

हा सगळ्यात सोपा बिघाड. सिंगल सिलिंडर इंजिन ५,००० आरपीएमवर सेकंदाला ८३ हादरे देतं, म्हणजे तासाला तीन लाख. इतक्या हादऱ्यांपुढे साध्या नटाखालच्या स्प्रिंग वायसरचा फारसा उपयोग होत नाही. नायलॉक नट वापरा, किंवा साध्या नटाला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. आटे आधी पेट्रोलने धुऊन कोरडे करायचे. तेलकट आट्यावर थ्रेडलॉकर धरत नाही. एकदा खोललेला नायलॉक परत वापरू नका, त्याच्या आतली नायलॉनची कडी आता सैल झालेली असते. सायलेन्सरच्या बेंडजवळ नायलॉक नकोच, ती कडी साधारण १२० अंशांपुढे टिकत नाही. तिथे एकावर एक दोन नट बसवा आणि वरचा नट खालच्यावर आवळा.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीचा आकडा उठवलेला आहे का ते दुकानातच पाहून घ्या. आकडा नसलेला बोल्ट मऊ लोखंडाचा असू शकतो. तो आवळताना हाताला छान आवळल्यासारखा लागतो, पण खरं तर तो ताणून लांब होत असतो. ८ एमएमच्या ८.८ बोल्टला २२ ते २५ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १५ किलोची ओढ म्हणजे २२ न्यूटन-मीटर. पान्यात पाइप घालून ओढायची गरजच नसते. गार्डचा पाइप पातळ, २ मिलिमीटरहून कमी जाडीचा असेल तर १८ वर थांबा. आवळल्यावर नटाच्या बाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत.

क्लॅम्प आणि पाइप यांच्यात रेघ तुटली

घरगुती कामात बहुतेक वेळा बिघाड इथेच सापडतो, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकीचे उपाय करतात.

आधी क्लॅम्प कोणत्या पाइपवर आहे ते बघा. गार्डच्या आडव्या पाइपवरून फूटरेस्ट पुढे काढलं असेल तर पायाचं वजन क्लॅम्पला पाइपभोवती खाली फिरवतं. उभ्या पाइपवरून बाहेरच्या बाजूला काढलं असेल तर तेच वजन क्लॅम्पला पाइपवरून खाली सरकवतं. नुसता टेकवलेला पाय फूटरेस्टवर सात-आठ किलो टाकतो. पण गतिरोधक आला की माणूस नकळत पाय रोवून सीटवरून थोडा उचलला जातो, आणि तेव्हा त्याच फूटरेस्टवर चौपट भार येतो. फूटरेस्टची दांडी १२ सेंटिमीटर लांब असेल तर तेवढ्या लांबीची तरफ क्लॅम्पला पिळते. सपाट रस्त्यावर तासभर न हललेलं फूटरेस्ट गेवराईच्या अलीकडच्या एका गतिरोधकावर खाली येतं ते यामुळे. तेव्हा जमेल तिथे उभा किंवा तिरपा पाइप निवडा. सरकणं थांबवणं सोपं आहे: क्लॅम्पच्या लगेच खाली त्याच पाइपवर दुसरी एक साधी दोन भागांची कडी आवळून ठेवा, म्हणजे क्लॅम्प तिच्यावर टेकून बसेल. फिरणं थांबवायला दुसरा आधार लागतो: २५×५ एमएमची लोखंडी पट्टी क्लॅम्पपासून गार्डच्या दुसऱ्या पाइपपर्यंत घेऊन तिथे छोट्या क्लॅम्पने बांधा. पट्टी लागली की आडव्या पाइपवरचं फूटरेस्टही फिरायचं थांबतं.

आता क्लॅम्पच्या आत काय आहे ते बघा. पाइपला ओरखडा पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत गुंडाळतात, तो काढून टाका. रबर दाबलं की दबतं आणि काही दिवसांत आणखी दबतं, तसा बोल्टचा ताण कमी होत जातो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की तेच रबर मऊ होऊन क्लॅम्पला घसरायला वाट करून देतं. गार्डवरची जाड पावडर कोटिंगही असाच दगा देते, फक्त हळूहळू. क्लॅम्प बसतो तेवढ्याच पट्ट्यावरची कोटिंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं करा, क्लॅम्प त्याच लोखंडावर आवळा आणि मग दोन्ही कडांना रेड ऑक्साइड लावून शिवण बंद करा. ओरखड्याची भीती सोडा, तो भाग क्लॅम्पखाली झाकलेलाच राहतो.

मग फट बघा. क्लॅम्पचे दोन भाग पूर्ण आवळल्यावरही त्यांच्यात दोन्ही बाजूंना सारखी, साधारण एक मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. दोन्ही भाग एकमेकांना टेकले असतील तर बोल्टची सगळी ताकद लोखंडाला लोखंडावर दाबण्यात जाते आणि पाइपला पकड मिळतच नाही. बोल्ट तर घट्ट लागतो, पाना पुढे सरकत नाही, आणि तरी क्लॅम्प फिरतो. या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा या फटीत असतं. नखाने तपासा: नख आत जात नसेल तर क्लॅम्प पाइपपेक्षा मोठा आहे. तात्पुरता उपाय म्हणून थंड पेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून एक-दोन वेढे आत घाला. तो रबरासारखा दबत नाही.

पाण्याच्या नळाला किंवा डिशच्या खांबाला लावतात तसला यू-बोल्ट फूटरेस्टसाठी अजिबात नको. तो बहुधा ६ एमएमचा आणि मऊ असतो, आणि पाइपला पूर्ण वेढा न घालता दोन ओळींवर दाबतो. आवळत गेलात की पाइप त्या दोन ओळींवर चेपतो, आणि चेपलेल्या पाइपवर नंतर चांगला क्लॅम्पही धरत नाही.

टिकणारा क्लॅम्प करून घ्यायचा असेल तर

आधी पाइप व्हर्नियरने मोजा. गार्डचे पाइप २२, २५.४, २८ अशा वेगवेगळ्या मापांचे येतात, आणि "एक इंची" म्हणून दिलेला पाइप कोटिंगसकट २५.८ भरू शकतो. कोटिंग घासल्यावरचं माप धरा. लेथवाल्याकडे माइल्ड स्टीलचा ६०×४० एमएमचा, ३५ एमएम लांबीचा तुकडा न्या. २५.४ च्या पाइपसाठी मधोमध बरोबर २५.४ चं भोक बोअर करायचं, दोन्ही बाजूंना ४४ एमएम अंतरावर ८.५ ची दोन भोकं पाडायची, आणि मग हॅक्सॉने किंवा कटरने ठोकळा मधून कापून दोन भाग करायचे. कापताना जी दीड-दोन मिलिमीटर धातू जाते तीच पुढे आपली फट होते. बोल्ट ८×५५, दोन्ही बाजूंना जाड वायसर.

यात क्रम चुकवू नका. फूटरेस्टचं ब्रॅकेट (६ एमएम जाडीची प्लेट) ठोकळ्याला आधी वेल्ड करा, पूर्ण थंड होऊ द्या, बोअर नंतर. उलट केलंत तर वेल्डच्या उष्णतेने भोक वाकडं होतं आणि क्लॅम्प पाइपला फक्त दोन-तीन ठिकाणी चिकटतो. असा ठोकळा साधारण अर्धा किलो भरतो. वजन बघून लोक नाक मुरडतात, पण पायाखालचं फूटरेस्ट जड असलं की त्याचा हादरा कमी होतो, त्यामुळे हे वजन आपल्याच बाजूचं आहे.

फूटरेस्टची दांडी म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा वेल्ड करून देणारे भेटतात. जालन्यात सळईचे कारखाने आहेत, तुकडे कुठेही पडलेले मिळतात, म्हणून मोह होतो. पण टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमका तोच थर मऊ पडतो. त्याऐवजी २० एमएमचा ब्राइट बार घ्या. त्याहून चांगलं म्हणजे भंगार बाजारातून एखाद्या गाडीचं मागचं फोल्डिंग फूटरेस्ट आणा: पिन, स्प्रिंग, रबर सगळं तयार मिळतं.

फूटरेस्ट फोल्डिंगच हवं, यात तडजोड नको. गाडी झुकली आणि न दुमडणारी दांडी रस्त्याला टेकली तर ती टेकूसारखं काम करून चाक रस्त्यावरून उचलते. बसवताना ते वर आणि मागे दुमडलं पाहिजे. पुढे दुमडणारं बसवलंत तर रस्त्याला लागल्यावर ते आणखी रुततं.

गार्डच्या पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट घालणं हाही एक लोकप्रिय इलाज आहे. फिरायचं थांबतं हे खरं. पण पाइप त्या भोकापाशी कमजोर होतो, आत पाणी जाऊन गंजतो, आणि गाडी पडली की तिथूनच मोडतो. गार्ड पायाच्या रक्षणासाठी आहे, त्याला भोक पाडू नका. गाडीवर असताना गार्डला वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ वायर वेल्डच्या अगदी जवळ, गार्डवरच लावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इंधन आणि ठिणगी दोन्ही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालतात, तो बिघडला तर फूटरेस्टच्या कितीतरी पट खर्च येतो. सगळ्यात बरं म्हणजे गार्ड उतरवूनच दुकानात न्या.

एकही रेघ तुटली नाही, तरी फूटरेस्ट खाली आलंय

मग गार्डकडे बघा. काही गाड्यांत गार्डची खालची पट्टी इंजिन माउंटिंगच्या लांब बोल्टवरच बसते. तो बोल्ट सैल असेल तर फूटरेस्टच काय, इंजिनही हलतं. कंपनीच्या मापाला तो आवळून घ्या. तिथे रेघ मारली नसेल तर आता मारा.

त्यानंतर गार्डचे वेल्ड पुसून, उन्हात धरून तपासा. वेल्डच्या कडेने केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली तर तो गंजाचा डाग समजून सोडून देऊ नका. रंगाखाली लोखंडाला तडा गेला की हादऱ्यांनी त्याच्या कडा एकमेकींवर घासतात आणि आतला गंज असा बाहेर येतो. त्या गार्डवर पाय ठेवणं त्याच दिवशी बंद करा.

बिजागरीवरची रेघ तुटली

पिन काढून मोजा. ८ एमएमची पिन ९ एमएमच्या भोकात डुगडुगत असते. पिनेच्या जागी पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला असेल तर आटे करवतीसारखं भोक खातात. बिजागरीत येणारा भाग गुळगुळीत असलेला बोल्ट घ्या. भोक फार वाढलं असेल तर ते १२ ला मोठं करून ८ एमएम आतल्या व्यासाचं पितळी बुश बसवा.

घट्ट आहे, पण तासाभरात पायाला मुंग्या येतात

इथे दोष बहुधा पायाखालच्या रुंदीचा असतो. २२ एमएमचा उघडा पाइप तळव्याच्या मधल्या खोलगट भागाखाली आला की सगळा भार तिथल्या एका पट्टीवर पडतो. ४५ ते ५० एमएम रुंदीची प्लेट दांडीवर वेल्ड करून तिच्यावर ८-१० एमएम जाडीचं कन्व्हेयर बेल्टचं रबर लावा. साखर कारखाना किंवा डाळ मिलजवळच्या भंगारात ते मिळतं आणि आतल्या कापडाच्या थरांमुळे फाटत नाही. रबर चिकटवायच्या सोल्यूशनवर विसंबू नका, उन्हात ते सुटतं. दोन ६ एमएम बोल्ट, डोकी रबरात बुडवून. रबर पायाखाली उपयोगी आणि क्लॅम्पच्या आत घातक, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

जागा ठरवताना गाडी डबल स्टँडवर घ्या, नेहमीच्या बुटात बसा आणि डोळे मिटून पाय सहज पुढे टाका. टाच आपोआप जिथे पडते तिथे फूटरेस्ट हवं. गुडघा पूर्ण सरळ होत असेल तर ते फार पुढे आहे: सरळ गुडघ्याला झटका झेलता येत नाही आणि तो थेट कंबरेत जातो. उजव्या बाजूला सायलेन्सरच्या बेंडपासून पोटरी किमान पाच सेंटिमीटर लांब राहिली पाहिजे.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पाय पुढे असताना मागचा ब्रेक पायाखाली नसतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, पाय मागे आणायला अर्धा सेकंद लागला तरी ब्रेक लागण्याआधी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपला लांबचा प्रवास सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर किंवा तुळजापूर-लातूर-नांदेडच्या ३६१ वर होतो, आणि तिथे फाट्यावर काहीही आडवं येऊ शकतं. गाळपाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. मोकळा सरळ रस्ता असेल तेव्हाच पाय पुढे. गावाची पाटी दिसली, फाटा आला, समोर ट्रॅक्टर दिसला की पाय मूळ फूटरेस्टवर. रात्री पुढचं फूटरेस्ट वापरूच नका.

मूळ फूटरेस्टच खाली घेतलंय त्यांच्यासाठी

उंच माणसाला गुडघे अखडतात म्हणून मूळ फूटरेस्ट बार आणि गाडी यांच्यात स्पेसर घालून तो खाली घेतात. २० एमएमपेक्षा जास्त नको. एकावर एक वायसर रचू नका, प्रत्येक बोल्टला एकसंध लोखंडी बुश करा. बोल्ट मूळपेक्षा तेवढाच, म्हणजे २० एमएमने लांब आणि ८.८ चाच. छोटा पडला आणि तीन-चार आट्यांवरच धरला तर ते आटे उपटून येतात.

यातला सर्वांत फसवा परिणाम वेगळाच आहे. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड या फूटरेस्ट बारलाच लावलेला असतो. बार २० एमएम खाली गेला की स्टँडही तेवढा खाली जातो, गाडी कमी झुकते आणि जवळजवळ उभी राहते. मग वाऱ्याने किंवा पिशवीच्या धक्क्याने ती उजवीकडे कोसळते, आणि दोष स्टँडच्या स्प्रिंगला दिला जातो. बार खाली घेतलात तर स्टँडचा पाय तेवढा कापून तळ परत वेल्ड करून घ्या, तोवर डबल स्टँडच वापरा.

ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हरही नव्या उंचीला आणायला हवेत. पेडल चवड्याच्या वर राहिलं तर दर वेळी पाय उचलावा लागतो, खाली सोडलं तर ब्रेक अर्धवट लागून राहतो आणि ड्रम तापतो. ड्रम ब्रेकला मॅन्युअलमध्ये दिलेली सैल चाल, बहुधा २० ते ३० एमएम, परत जुळवा आणि ब्रेक लाइटचा स्विचही तपासा. गिअर लिव्हर काढताना बोल्ट नुसता सैल करू नका, पूर्ण बाहेर काढा. तो शाफ्टच्या खाचेतून जातो. मग लिव्हर एक दात खाली बसवा. लिंक रॉड असेल तर एका टोकाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघून घ्या.

पावसाळा आणि मागची सीट

काळी माती बिजागरीत भरून वाळली की फूटरेस्ट दुमडत नाही, म्हणजे फोल्डिंग असूनही न दुमडणाऱ्यासारखंच. चिखलातून आल्यावर पाण्याने धुवा आणि दोन थेंब तेल सोडा. ग्रीस नको, तिच्यात धूळ बसून खरकागदासारखी घासते.

मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी डावीकडचं फूटरेस्ट लांब करायचं तर ते चाकाच्या दिशेने वाढवू नका. साडीचा काठ किंवा ओढणी चेनमध्ये जाते ती याच बाजूने. लांबी बाहेर किंवा पुढे घ्या. मागच्या माणसासाठी पकड, फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारी जाळी देणं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे, तेव्हा नवीन बसवताना जाळी कापून जागा करू नका. जुन्या काही गाड्यांत मागचं फूटरेस्ट थेट स्विंग आर्मवर असतं आणि चाकाचा प्रत्येक खड्डा पायात येतो. तिथे जाड रबराने थोडा फरक पडतो, पण खरा उपाय ते फूटरेस्ट चेसिसला लागणाऱ्या ब्रॅकेटवर हलवणं, आणि ते ब्रॅकेट दोन बोल्टांवर, किमान ४० एमएम अंतराने बसवायचं. इथेही बसवल्या दिवशी रेघ मारा, ५० किलोमीटरनंतर एकदा बघा, आणि नंतर इंजिन ऑइल बदलताना दर वेळी.